रंग ओला आहे, टेकू नये

भोरजवळच्या भाटघर धरणाच्या फुगवट्याकाठी हॉटेलं, लॉज आणि मंगल कार्यालयं उभी आहेत. सगळ्यांची प्रकृती ठणठणीत आहे. पुरावा हवा असेल तर रंग बघा, यंदाचाच आहे.

स्ट्रक्चरल ऑडिटची आपल्याकडची रीत ठरलेली. आधी रंगारी येतो, मग इंजिनीअर. ओल आली तिथं पुट्टी, स्लॅबच्या खपल्या पडून सळई डोकावते तिथं पीओपी, आणि बीमला तडा असेल तर लग्नसराईभर झेंडूच्या माळा पुरतात. इंजिनीअर हातोडीचं यंत्र आणतात. ते काँक्रीटवर दाबायचं आणि आतलं वजन किती उसळतं त्यावरून मजबुती जोखायची. त्यासाठी आधी गिलावा काढावा लागतो.

"साहेब, खरवडू नका. कालच ऑइलपेंट मारलाय."

साहेब खरवडत नाहीत. ऑइलपेंटची मजबुती उत्तम भरते.

दुसरी चाचणी फिनॉल्फ्थॅलीनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून ज्याचा अल्कधर्म गेला, तो भाग रंगच बदलत नाही. तिथली सळई गंजायला मोकळी. हे कानावर आल्यावर एका मालकांनी सगळे कॉलम आधीच गुलाबी करून घेतले. नवरीकडच्यांना थीम फार आवडली.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना हे ऑडिट कायद्यानं सक्तीचं आहे. धोकादायक ठरलेल्या इमारतींची प्रतवारी सी-१ पासून सी-३ पर्यंत. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आयुष्यभर पोराच्या पहिल्या नंबरासाठी झुरणारा माणूस इथं शेवटच्या नंबरासाठी वशिला लावतो. 'किरकोळ दुरुस्ती' हे शब्द वाचून ज्याला निवांत झोप लागते, त्यानं मुंबईचा हिमालय पूल आठवावा. ऑडिटमध्ये तो याच शेऱ्यावर पास झाला होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, लोक घरी निघालेले असताना, तो कोसळला.

इतकं लांब कशाला, भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. सावित्रीवरच्या ब्रिटिशकालीन पुलाची तपासणी मे २०१६ मध्ये झाली होती. वाहतुकीला हरकत नव्हती. २ ऑगस्टच्या रात्री पूल एसटीच्या गाड्यांसह वाहून गेला. नवा पूल मात्र १६५ दिवसांत झाला. माणसं गेल्यावर आपण विलक्षण चपळ होतो. आणि २०१९ मध्ये चिपळूणचं तिवरे धरण फुटलं तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं. खेकड्यांच्या बाजूनं कुणी खुलासा दिला नाही.

या पार्श्वभूमीवर आमचं भाटघर बघा. येलवंडी अडवून बांधलेलं हे दगडी धरण १९२७ चं, साडेतेवीस टीएमसी पाणी पेलतंय आणि अंगावर डिस्टेंपरचा एक हात नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा; त्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची. धरण झिरपलं तर पाणी मोजून वहीत मांडतात. गळती लपवण्यापेक्षा लिहून ठेवायची, ही कल्पना मी गुलाबी कॉलमवाल्या मालकांना सांगून पाहिली.

"वहीत लिहू? उद्या पाव्हणं भाडं पाडून मागतील, त्याचं काय?"

शेवटी त्यांचा अहवाल आला. इमारत सुस्थितीत. फक्त एक तळटीप होती: वरच्या हॉलमध्ये स्लॅबच्या मधोमध गर्दी टाळावी. मालक कायदा मानणारे आहेत. त्यांनी लगेच जिन्यापाशी पाटी लावली: 'डीजे सुरू असताना वऱ्हाडानं भिंतीच्या कडेकडेनं नाचावं. रंग ओला आहे, टेकू नये.'