पडणकाका

क्लाइंबिंग वॉल म्हटली की तिथे एक पडणकाका असतोच. पुण्यात असतो, ठाण्यात असतो, नाशकात तर असणारच. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात कुठल्याशा जुन्या मोहिमेचा विटका टी-शर्ट (मोहिमेचं साल धुवून धुवून गेलेलं), गुडघ्याला नी-कॅप आणि कमरेला चॉकची पिशवी. पिशवीतली पावडर फारशी संपत नाही, कारण काका हल्ली चढतात थोडं आणि बोलतात फार. वॉलवर त्यांना कसलंही पद नाही. पगारी कोच वेगळा असतो. तो पोरांना चढायला शिकवतो. काका पडायला शिकवतात, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

उन्हाळी शिबिराचा पहिला दिवस काकांचा सणाचा दिवस. आठेक वर्षांचा एक मुलगा पाच-सहा होल्ड चढून वर लटकलेला असतो आणि खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याची आई.

"घट्ट धर रे, पडशील!"

"धरू नकोस राजा, सोड!"

"सोडायचं नाही हं पिल्लू!"

"दोन्ही हात सोड, मी सांगतोय ना!"

मुलगा गुणी असतो. तो दोघांचंही ऐकायचं म्हणून एकच हात सोडतो. पुढचा निकाल गुरुत्वाकर्षण लावतं. पोरगं मॅटवर येतं, गडगडतं, उठतं आणि खिदळतं. आई धावत पोचेपर्यंत ते पुन्हा रांगेत उभं. "ताई," काका म्हणतात, "मुलं उपजत नीट पडतात. बिघडवतो आपण."

यात तथ्य आहे. आपल्याकडे मूल चालायला लागलं की घरातले सगळे त्याच्या मागे हात पसरून धावतात, आणि तो पहारा मुलाच्या लग्नापर्यंत उठत नाही. असा राखून वाढवलेला माणूस तिशीत, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून किंवा ऑफिसातल्या कुणाचा फोटो पाहिला म्हणून, वॉलवर येऊन उभा राहतो. काकांना गिऱ्हाईक मिळतं.

बोल्डरिंगच्या भिंतीची उंची साधारण ४ मीटर. रोप नाही, खाली जाड मॅट. एवढ्या उंचीवरून सुटलेल्या माणसाला खाली यायला एक सेकंदही पुरा लागत नाही, आणि मॅटला टेकताना त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा सांगून काका थांबतात, तो समोरच्याच्या तोंडावर उमटला का ते पाहतात आणि म्हणतात, "लक्ष्मी रोडवर एवढ्या वेगाने स्कूटरसुद्धा जात नाही." मग त्या अपुऱ्या सेकंदाचं निरूपण चाळीस मिनिटं चालतं.

सुटण्याआधी खाली एकदा बघायचं. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, खांद्याइतकं अंतर ठेवून, गुडघे सैल. टेकल्याबरोबर ऊठबस काढल्यागत खाली बसायचं आणि तिथे न थांबता मागे पाठीवर लोळायचं. हनुवटी छातीला, नाहीतर मानेला हिसका बसतो. हात छातीवर घडी करून. हात मागे टेकायचा नाही म्हणजे नाही. तोल गेलेल्या माणसाचा हात आपोआप मागे जातो आणि सगळं वजन एका मनगटावर येतं. मनगट वाचलंच तर कोपर निखळतं. पुरावा म्हणून काका आपलं डावं मनगट पुढे करतात. वाड्यातल्या म्हाताऱ्याने पूर्वजांची तलवार दाखवावी तसं ते दाखवतात. मनगट किंचित वाकडं आहे. ते ड्यूक्स नोजला मोडलं, ढाकच्या बहिरीला मोडलं आणि लिंगाण्याला मोडलं, अशा तीन हकिगती वॉलवर प्रचलित आहेत. चौथी काकूंची आहे आणि तीत मोरी येते.

हे सगळं पाठ झाल्यावर हिंजवडीहून आलेला आपला तिशीतला इसम वर चढतो आणि शेवटच्या होल्डला चिकटून बसतो.

"काका, उतरून आलो तर चालेल?"

"चालेल काय, पळेल. जेवढं उतरता येईल तेवढं उतरूनच यायचं असतं. पण आज तू पडायला आलायस."

"पाच मिनिटं द्या."

या पाच मिनिटांत तो खाली मॅटकडे एकदाही बघत नाही. मॅटभोवती कोण कोण बसलंय ते बघतो. कोपऱ्यात कॉलेजच्या दोन मुली आहेत, पलीकडे सोसायटीतलाच कुणीतरी ओळखीचा निघालाय. मोठ्या माणसाला खरी धास्ती हाडांची नसते. आपण सगळ्यांसमोर बदकन आपटणार आणि चार पाय वर होणार, ही असते. म्हणून तो शेवटी हात सोडतो तेव्हा लोळत नाही, ऐटीत दोन पायांवर उभा राहायला बघतो. घोटा मुरगळतो तो नेमका इथे. काकांचं निदान असं की क्लाइंबिंगमधले निम्मे घोटे रुबाबापायी जातात. हा निम्म्याचा हिशेब त्यांचा स्वतःचा, पण लंगडत घरी जाणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत आणि माझा त्यावर विश्वास बसला आहे.

काकांचा पारा एकाच गोष्टीने चढतो: मॅटवर बूड टेकून मोबाइल बघणारे. मॅट ही पडणाऱ्याची जागा. वरून सत्तर किलोचा माणूस येणार आणि खाली हा इन्स्टाग्राम चाळत बसलाय, हे दृश्य दिसलं की काका इतक्या त्वेषाने धावून जातात की वर चढणारा दचकून खरंच पडतो.

रोपच्या भिंतीवर मात्र काकांचा आवाज खाली येतो. तिथे विषय इतिहासाकडे वळतो. पूर्वी ताग-अंबाडीचे दोर असत, ताणत नसत, आणि पुढे चढणाऱ्याने पडायचं नाही हाच नियम होता. १८६५ साली मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर करून सात जण उतरत होते. एकाचा पाय घसरला, त्याने आणखी तिघांना ओढलं, दोर मध्येच तुटला आणि चौघे गेले. हे काका अशा तपशिलाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दोराचं दुसरं टोक यांच्याच कमरेला होतं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि वर विणलेलं वेष्टण असा रोप काढला. आजच्या सिंगल रोपला बाजारात येण्यापूर्वी ८० किलोचं वजन बांधून जोरदार झटके देतात, असे निदान पाच झटके तरी त्याने सोसावे लागतात. पहिल्या झटक्यात तो ४० टक्क्यांपर्यंत ताणला तरी चालतो. "रोप पास होऊन आलाय," काका म्हणतात, "परीक्षा तुझी आहे."

परीक्षा पायरीपायरीने होते. आधी रोप वरून लावून नुसतं लटकायचं. मग लीड, म्हणजे रोप भिंतीवरच्या क्विकड्रॉमध्ये क्लिप करत करत चढणं. पण पहिल्या दोन-तीन क्लिपपर्यंत पडायचं नाव काढायचं नाही, तिथून सुटलं तर रोप ताणायच्या आत जमीन येते. भरपूर वर गेल्यावर शेवटची क्लिप कमरेशी असताना सुटायचं, मग गुडघ्याशी असताना, मग पावलांच्या खाली गेल्यावर. रोप पायामागे येऊ द्यायचा नाही, नाहीतर माणूस उलटा होतो. हाताने रोप धरायचा नाही, क्विकड्रॉ तर नाहीच. श्वास सोडायचा. भिंतीला लाथ मारून मागे उडायचं नाही, कारण जितक्या जोरात जाल तितक्याच जोरात परत याल. आणि सर्वांत कडक नियम: सुटण्याआधी "टाईट!" असं ओरडायचं नाही. हा नियम शंभरातले शंभर मोडतात. वर गेलेला माणूस "काका, टाईट! काका, टाईट!" असा धावा करतो आणि काका खालून निर्विकार चेहऱ्याने त्याला हातभर ढील देतात.

प्रत्येक पडण्याला दहापैकी गुण. "सहा. रोपला हात लावलास, दोन गेले. डोळे मिटलेस, एक गेला."

"आणि चौथा कुठे गेला?"

"किंचाळण्याचा."

बिले देणाऱ्यालाही, म्हणजे खाली रोप सांभाळणाऱ्यालाही, गुण असतात. रोप करकचून धरून उभा राहिला की पडणारा भिंतीवर आदळतो. झटका बसतो त्या क्षणी बिलेयरने छोटी उडी मारून त्याच्याबरोबर वर जायचं असतं, म्हणजे झेल मऊ होतो. हे दाखवायला काका स्वतः चढले. वजन ८४ किलो. बिलेला अकरावीतली एक मुलगी, ४८ किलो. एवढा फरक असू नये हे सगळ्यांना सांगणारे काकाच, पण त्या दिवशी उत्साहात राहून गेलं. काका सुटले आणि मुलगी वर निघाली. झेल उत्तम झाला, दोघेही मध्यावर समोरासमोर लोंबकळत थांबले, आणि काकांनी तिथेच, जमिनीपासून दहा फुटांवर, तिच्या डोळ्यांत बघून उरलेला धडा पूर्ण केला. मुलीने बिचारीने ब्रेकचा हात तसूभर हलवला नाही. तिला दहापैकी दहा मिळाले. वॉलच्या इतिहासात हे एकदाच घडलं.

असा माणूस जगाकडे वेगळ्याच बाजूने पाहणार हे ओघाने आलं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, क्लाइंबिंग पहिल्यांदा आलं तेव्हा वॉलवरची सगळी पोरं टीव्हीपुढे गोळा झाली होती. पोरं होल्ड बघत होती. काका मॅट बघत होते आणि चिडत होते, कारण खेळाडू सुटला रे सुटला की कॅमेरा त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर जायचा. "अरे, तोंड काय दाखवता, लँडिंग दाखवा!" कोणाला कुठलं पदक मिळालं ते त्यांना आजही सांगता येणार नाही.

गोपाळकाल्याला ते दादरला जातात, हंडी बघायला नव्हे, थर कोसळताना बघायला. २०१४ साली उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांवर आणली तेव्हा सगळी मुंबई उंचीवर भांडत होती. काकांचा प्रश्न एकच: खाली काय आहे? डांबर आहे, म्हणजे वीस फूट काय आणि दहा फूट काय. तिथल्या जुन्या गोविंदांबद्दल मात्र त्यांना आदर आहे. थर हलला की खालची मंडळी हात वर करून वरच्याला अंगावर घेतात, हे त्यांच्या मते कुठल्याही वॉलवरच्या स्पॉटिंगच्या तोडीचं आहे. मांडवात, लग्नाच्या स्टेजवर, नाट्यगृहाच्या बाल्कनीत शिरल्या शिरल्या त्यांची नजर आधी कठड्यावर आणि मग खालच्या फरशीवर जाते. नवरा-नवरीला अक्षता टाकायच्या आधी त्यांनी स्टेजची उंची आणि गालिच्याची जाडी मनात नोंदवलेली असते.

पण हेच काका सह्याद्रीत गेले की ओळखू येत नाहीत. थंडीतल्या एका रविवारी तैलबैलाच्या भिंतीखाली त्यांच्याबरोबर होतो. तोंडाचा पट्टा बंद. हेल्मेटचा बंद दोनदा तपासला, आठाची गाठ स्वतःची पाहिली, समोरच्याची पाहिली. पहिल्या होल्डवर हात ठेवण्याआधी त्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला. पोकळ वाजला. हात काढला, शेजारचा वाजवून पाहिला. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्ह्याच्या थरावर थर. मध्ये टप्पे, वाळल्या गवताच्या पट्ट्या, हातात येणारे दगड. इथे सुटलेला माणूस रोप ताणायच्या आधी एखाद्या टप्प्यावर आपटू शकतो, आणि मेखही दगड जेवढा धड तेवढीच धड. वर्षभर ज्यांना "पड, पड" म्हणून भंडावलं त्या पोरांना काकांनी त्या दिवशी एकच सूचना दिली.

"पडायचं नाही."

"पण काका, वॉलवर तर तुम्ही..."

"वॉलवर खाली मॅट आहे. इथे खाली नुसता पुणे जिल्हा आहे."

दुपारपर्यंत पोरं वर जाऊन सुखरूप आली. तोपर्यंत काकांनी गुण दिले नाहीत, गोष्टी सांगितल्या नाहीत, डब्यातली पोळीसुद्धा वर बघत बघत खाल्ली. मला तर वाटतं, वॉलवरची सगळी बडबड या एका गप्प दिवसासाठी साठवलेली असते. पण हे त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यावरही चाळीस मिनिटं गेली असती.

काकांच्या विद्येला खरं आव्हान घरात आहे. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे गेलो तर काका स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते आणि काकू खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या. वरून प्रवचन चालू होतंच.

"अगं, स्टूल धरून काही होत नसतं. पडणाऱ्याला कमरेशी आधार द्यायचा, हात वर, अंगठे आत. तू स्टुलाला वाचवतेयस, मला नाही."

"स्टूल माझ्या माहेरचं आहे," काकू म्हणाल्या. "ते तिसरं पातं राहिलंय."