नानांची मारुती आठशे

जयपूरच्या मराठी मंडळींत एक अलिखित नियम आहे: नानांपुढे गाडीच्या विम्याचा विषय काढायचा नाही. नोकरी संपल्यावर मानसरोवरात घर करून राहिलेले नाना गणपतीच्या आरतीलासुद्धा काखेत फाइल मारून येतात. आत 1998च्या मारुती आठशेचं आरसी बुक आणि पेन्सिलीने रेघा मारमारून जीर्ण झालेली पॉलिसी.

पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यासाठीची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायची असते. आपण एजंट लिहील त्या आकड्याखाली सही ठोकतो. नाना त्याला चहा पाजून, बापू बाजारात मोजड्यांची करावी तशी घासाघीस करतात. फक्त आकडा वर चढवायला. एजंट पस्तीस हजारांवर अडतो, नाना चाळीसवर.

यंदा चांदपोलला एका सांडाने बॉनेट, दिवा आणि रेडिएटर एकाच हिसक्यात आत घातले. क्लेम फॉर्मवर 'धडक देणारे वाहन' असा रकाना होता. नानांनी लिहिलं, 'महादेवाचे.'

सर्व्हेअर आला. ही जात मालकाशी बोलत नाही, पत्र्याशी बोलते. त्याने उकिडवं बसून चासी नंबरावरची धूळ थुंकी लावून पुसली, फोटो काढले आणि म्हणाला, "भाईसाब, टोटल लॉस कर देते हैं."

कंपनीच्या माथी बसणारा दुरुस्तीखर्च ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला, की गाडी गेली असं धरतात. लोकांना तेच हवं असतं. नाना मात्र गॅरेजवाल्याला कोपऱ्यात घेऊन बिल कमी करायला बसले! एस्टिमेट फुगवणारे गल्लोगल्ली मिळतील, घटवणारा मी तरी हा एकच पाहिला. भरपाई देताना कंपनी दहा वर्षांपुढे लोखंडाची निम्मी किंमत कापते, प्लास्टिकची निम्मी, वर हजार रुपये आपल्या खिशातले. सर्व्हेअरने तोंड उघडायच्या आत नानांनी हे सगळं रामरक्षेच्या लयीत म्हणून दाखवलं. त्याने पाणी मागितलं. नानांनी पाण्याबरोबर भवानी सिंह रोडवरच्या विमा लोकपालांचा पत्ताही दिला. "फीस नहीं, वकील नहीं," ही माहिती वर फुकट.

शेवटी सर्व्हेअर नमला. बॉनेट नवंच टाका म्हणाला. तर नाना भडकले. ठोकून हेच सरळ करायचं! कारण 2021च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज ठरते. दरसाल इथल्या विंटेज रॅलीत राजेरजवाड्यांच्या मोटारी बघायला नाना गर्दीत टाचा उंचावून उभे असतात, ते उगीच नव्हे.

"अठ्ठ्याण्णव में पचास जोड़ो," नाना म्हणाले. "दो हज़ार अड़तालीस."

सर्व्हेअरने प्रथमच पत्र्यावरची नजर काढून नानांच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. "और तब तक, बाऊजी, आप...?"

"पॉलिसी पढ़ो," नाना फाइल उघडत म्हणाले, "नॉमिनी लिखा है!"