काळी-पिवळी

बंदूक घ्यायची असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायको संकष्टीचा साबुदाणा भिजवत होती.

"कशाला?"

"खेळायला."

तिने हात झटकले, मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "वय काय रे तुझं?" वय ४६. पण तो प्रश्न नव्हता, निकाल होता. म्हणून मी उत्तर दिलं नाही.

खरा दोषी ऑफिसातला माझा शेजारी. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या ऑफिसात हा गोरा गृहस्थ दर सोमवारी मानेवर दोन-चार लाल टिकल्या घेऊन उगवायचा. मला वाटलं कांजिण्या. मी महिनाभर त्याच्या मगाला हात लावला नाही. मग कळलं की तो रविवारी एअरसॉफ्ट खेळतो. म्हणजे दिसायला हुबेहूब खरी वाटणारी बंदूक घ्यायची, तिच्यातून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी मारायची, आणि बंद पडलेल्या एखाद्या इमारतीत गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसांनी एकमेकांच्या मागे धावायचं. गोळी ज्वारीच्या दाण्याहून मोठी आणि हरभऱ्याहून लहान. खेळ मूळचा जपानचा, १९७०च्या दशकातला. तिथे साध्या माणसाला खरी बंदूक मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून त्यांनी हौस प्लास्टिकवर भागवली.

"आमचा खेळ क्लोज क्वार्टर असतो," शेजारी गंभीरपणे म्हणाला. "अरुंद जागा, आंधळे कोपरे, दोन पावलांवर शत्रू. सवय लागते."

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, आत सात माणसं, एक पोटमाळा आणि एक शिलाई मशीन. अरुंद जागा म्हणे! वाण्याची उधारी थकली की कोपऱ्यावरून फक्त एक डोळा बाहेर काढून आधी दुकान बघायचं, हे मी तिसरीतच शिकलो होतो.

पहिल्या रविवारी भाड्याची इलेक्ट्रिक रायफल मिळाली. आत बॅटरी, मोटर आणि दातेरी चाकं. घोडा दाबला की मिक्सरवर खोबरं वाटल्यासारखा आवाज. गुणांनी सोन्यासारखी: मॅगझीनमध्ये तीनशे गोळ्या, थंडीवाऱ्याची तक्रार नाही. पण लांब. नवरदेवाआधी बँड पोचावा तशी माझ्याआधी तिची नळी प्रत्येक दारातून आत जायची आणि पलीकडच्याला वर्दी द्यायची. दिवसभरात मी सोळा वेळा मेलो. जवळून लागलेली गोळी गांधीलमाशीसारखी चावते, आणि कानाच्या पाळीवर लागली तर पूर्वजांची आठवण होते.

म्हणून आखूड बंदूक बघायला दुकानात गेलो. गॅसवर चालणारी सबमशीनगन. नमुना एमपी७चा. खरी एमपी७ जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची, २००१ पासून बनते. दस्ता आत ढकलला की लांबी साडेएक्केचाळीस सेंटिमीटर, म्हणजे आमच्या लाटण्याहून चार बोटं जास्त. दारात अडकायचा प्रश्नच मिटला. मी ती सवयीने नारळासारखी कानाशी धरून हलवली. दुकानदाराने नम्रपणे खाली ठेवायला सांगितली.

मग त्याने रिकाम्या खोक्यावर दोन गोळ्या मारून दाखवल्या आणि मी तिथेच संपलो. इलेक्ट्रिकमध्ये नुसती घरघर. इथे घोडा ओढला की गॅस गोळीला पुढे ढकलतो आणि उरलेल्या जोरात आतला बोल्ट मागे फेकतो. खांद्याला धक्का बसतो, ‘टक्’ असा धातूचा आवाज होतो, आणि पन्नाशीकडे निघालेला माणूस क्षणभर दहा वर्षांचा होतो.

अवगुणही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मॅगझीनमध्ये गोळ्या फक्त ४०. सेकंदाला पंधराच्या वेगाने सुटल्या तर खेळ तीन सेकंदांच्या आत आटोपला. जादा मॅगझीन हवं तर चाळीस-पंचेचाळीस पौंड, कारण गोळ्यांबरोबर गॅसची टाकीही त्यातच असते. मी मनात हिशेब केला: तीन सेकंदांत लवंगीची माळसुद्धा संपत नाही. आणि आम्ही तर माळ सोडवून, एकेक लवंगी सुटी करून, उदबत्तीने भाऊबीजेपर्यंत पुरवणारे.

तरी घेतली. मूल्यमापन वगैरे लोक म्हणतात, पण बंदूक असो की पैठणी, हातात घेतल्यावर बुद्धीचा संबंध संपतो.

इथे कायदा आडवा आला. ब्रिटनच्या २००६च्या कायद्याप्रमाणे खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकायची, तर घेणारा नियमित खेळाडू असल्याचा पुरावा लागतो. दुकानांनी चालवलेल्या नोंदवहीत नाव हवं, आणि नाव लागायला तीन खेळ, पहिल्या-तिसऱ्यात किमान ५६ दिवसांचं अंतर. छप्पन्न दिवस! तेवढा धीर असता तर मी स्वतःचा फ्लॅट बांधला असता. दुसरी वाट अशी की बंदुकीचा मुख्य रंग भडक करून घ्यायचा, म्हणजे रस्त्यावर कुणी घाबरणार नाही. रंग लाल, गुलाबी, जांभळा, काय हवा तो. मी पिवळा म्हणालो. आठवड्याने हातात आली: वरचा भाग झगझगीत पिवळा, खाली मूठ आणि मॅगझीन काळं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, त्यानंतर काही काळाने ती रेडिंगमध्ये माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अवतरली.

"मीटर कुठाय?" बायको म्हणाली.

आता गॅसविषयी. या खेळातल्या ‘ग्रीन गॅस’ला मी काहीतरी लष्करी रसायन समजत होतो. निघाला प्रोपेन, त्यात सिलिकॉन तेलाचे चार थेंब. म्हणजे लालबागला ज्याचा नंबर लावून आई पंधरा दिवस वाट बघायची, त्या सिलिंडरचाच सख्खा चुलतभाऊ. घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, इथे एकटाच नांदतो. मॅगझीन उलटं धरायचं, त्यावर डबा उलटा दाबायचा. फुस्स करून पांढरी वाफ उडते, बोटं गारठतात, की भरलं.

भरलं, पण फुस्स थांबेना. दुकानाला फोन करायला मी उठलो, तेवढ्यात बायको आली. पहिलं वाक्य, "आधी शेगडी बंद कर." (मी चहा ठेवला होता. सेनापतीच्या नजरेतून अशा बाबी सुटतात.) दुसरं वाक्य नाहीच. तिने भांडी घासायच्या साबणाचा फेस बोटावर घेतला आणि नव्या सिलिंडरच्या तोंडाशी लावतात तसा मॅगझीनच्या वॉल्व्हभोवती फिरवला. एका जागी बारीक बुडबुडे. "रिंग सुकलीय," तिने निदान केलं. "कुकरचं असंच होतं." घरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध मिसळतात. माझ्या डब्यातल्याला तसा वास नव्हता, हे माझ्या लक्षात फेस बघितल्यावर आलं. वॉल्व्ह काढून रबरी रिंगेला सिलिकॉन तेलाचं बोट लावलं, पुन्हा आवळला, फुस्स बंद. इंग्रजीतले तीन व्हिडिओ पाहून मला जे कळलं नव्हतं, ते तिने दोन मिनिटांत केलं आणि वर खिडकी उघडून गेली.

रविवार. बाहेर तीन अंश, इमारतीत हीटर नाही. दारातच बंदुकीची गतिमापकावर तपासणी होते. आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला कायद्याची मर्यादा १.३ जूल. एक जूल ऐकायला दाणाभर वाटतं, पण ०.२ ग्रॅमच्या गोळीला तेवढी ऊर्जा मिळाली की ती नळीतून सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरने निघते. माझी पास झाली. मी छाती काढून आत निघालो, तर पंचाने हटकलं: इमारतीत एकेकच गोळी मारायची, सलग मारायला बंदी. म्हणजे मी मशीनगन विकत घेतली होती आणि वापरायची होती लवंगी सुटी करून.

पहिली दहा मिनिटं मात्र अवर्णनीय. जिन्याखालून एका दाढीवाल्याला टिपलं. त्याने लगेच हात वर केला, ‘हिट!’ ओरडला आणि निमूट बाहेर गेला. मी अवाक. आमच्या चाळीत यष्टी उडालेला फलंदाजसुद्धा बॉल टाकायच्या आधीच आपण टॅम्प्लीज घेतली होती असं शपथेवर सांगायचा. इथे पंच बघत नसताना माणूस स्वतःहून मरतो! या लोकांनी जगावर राज्य कसं केलं, कळत नाही.

मग थंडीने इंगा दाखवला. झिरपणारा माठ जसा गार होतो, तसंच हे मॅगझीन: आतला द्रव प्रत्येक गोळीला थोडा वाफ होऊन जातो आणि जाताना धातूची ऊब घेऊन जातो. प्रोपेनचा दाब २० अंशांना साधारण आठ बार असतो, शून्याला पाचही नाही. त्यात बाहेरची थंडी. ‘टक्’चं ‘टप्’ झालं, ‘टप्’चं ‘फुस्’. शेवटची गोळी नळीच्या तोंडाशी आली, क्षणभर विचारात पडली आणि माझ्याच बुटावर पडली. जाणकार खेळाडू मॅगझीन शरीराच्या उबेला ठेवतात. मी ते माकडटोपीत गुंडाळून बंडीत खोचलं आणि अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा कोपऱ्यात बसून राहिलो.

तेवढ्यात समोरच्या खोलीत शत्रू दिसला. खिडकीशी गुडघा टेकलेला, पाठ माझ्याकडे. हातातली काळी-पिवळी थंडगार. पण नियमात एक कलम होतं: मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला तरी समोरचा बाद. मी डबा ऐसपैसच्या पावलांनी, टाच न टेकवता, गेलो आणि पाठीत हात मारून ओरडलो, "धप्पाऽऽ!"

त्याला वाटलं मी शिंकलो. तो ‘ब्लेस यू’ म्हणाला आणि मग सावकाश हात वर केला.

तर, हिवाळ्यात खेळणार असाल आणि अक्कल शाबूत असेल तर आखूड इलेक्ट्रिक घ्या. उन्हाळ्यात गॅसला तोड नाही. मी दुसऱ्या मॅगझीनची ऑर्डर दिली आहे, पंचेचाळीस पौंडांची. आमच्याकडे येणं झालं तर हा विषय तेवढा काढू नका.