आगामी काका

सकाळी साडेसातला फोन वाजला की उचलण्याआधीच मला पुढचे शब्द ठाऊक असतात. नमस्कार नाही, तब्येतपाणी नाही.

"सर, आगामी काय?"

आमच्या महाविद्यालयाचा सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडून अकरा वर्षं झाली. तो मराठीच्या मास्तराच्याच गळ्यात का पडतो, हे विचारू नका. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असते, वाणिज्यवाल्यांना शिकवण्या असतात; आम्ही मोकळे. या अकरा वर्षांत तीन प्राचार्य बदलले, दोनदा माईक बदलला, पण हा फोन बदलला नाही. यवतमाळात कुठल्याही आयोजकाला विचारा, या गृहस्थांचं खरं नाव सांगता येणार नाही. "आगामी काका" म्हटलं की मात्र प्रत्येक जण आधी हसतो आणि मग जरा सावरून बसतो.

काका कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. नव्या वाचकांसाठी सांगतो. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्याचा कापूस सरकारनेच घ्यायचा, असं ठरलं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात ग्रेडरचा दबदबा तहसीलदाराहून कमी नव्हता. यार्डाबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची. ग्रेडर यायचा, बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस काढून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून बघायचा आणि एकच शब्द बोलायचा. त्या शब्दावर कुणाच्या पोरीचं लग्न यंदा व्हायचं, कुणाचं पुढच्या सालावर जायचं.

निवृत्तीनंतर काकांचं यार्ड सुटलं, चिमटी सुटली नाही. आता ते वक्ते ग्रेड करतात.

त्यांची परिभाषा एकदा समजली की व्याख्यान ऐकण्यापेक्षा काकांना ऐकण्यात मजा आहे. "धागा आखूड" म्हणजे मुद्दा निघतो आणि ताणला की तुटतो. "कवडी" म्हणजे इकडूनतिकडून उचललेल्या शेरांनी डागाळलेलं भाषण. "पहिल्या वेच्याचा" ही शाबासकी, ती वर्षातून दोघातिघांनाच मिळते. "ओलावा" म्हणजे भावनेला घातलेला हात. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, बाराच्या वर गेला की माल परत, हा भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, नियम ते वक्त्यालाही लावतात. भाषणात आईचे हात तिसऱ्यांदा थरथरले की काका शेजाऱ्याच्या कानात म्हणतात, "बारा झाले." आणि "फरदड" म्हणजे हंगाम उलटून गेल्यावरही पाणी पाजून पुन्हा पुन्हा वेचलेला माल. त्यात कोण कोण येतं ते मी सांगणार नाही. मला अजून नऊ वर्षं नोकरी करायची आहे.

हे सगळं एका पतसंस्थेच्या फुकट मिळालेल्या डायरीत उतरतं. तारीख, स्थळ, विषय, वक्ता, ग्रेड असे रकाने. शेवटचा रकाना आलुबोंड्याचा, त्याची ग्रेड वेगळी.

काकांच्या घरी पंचांग आहे, पण ते काकूंचं. काकांचं वर्ष वेगळं चालतं. 3 जानेवारीला सावित्रीबाई. 12 जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकदमच येतात, त्यामुळे त्या दिवशी ते दोन सभागृहांच्या मधे ऑटोत सापडतात. एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंतीचं समता पर्व, तेव्हा मुक्काम समता मैदानावर. 1 जुलैला वसंतराव नाईक, 29 ऑगस्टला बापूजी अणे. नातीचा वाढदिवस कधी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी. पण त्या दिवशी भाषा दिन असते न, म्हनून पोरगी केक रात्री कापते."

1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ झालं. त्याआधी आम्ही सगळे नागपूर विद्यापीठाचे. या घटनेवर अभ्यासकांनी बरंच लिहिलं असेल. काकांचं म्हणणं एवढंच, की एसटीचं भाडं वाचलं. युवा महोत्सव लागला की ते पहाटेच्या गाडीने नेरमार्गे अमरावती गाठतात. पाच जिल्ह्यांची पोरं एका आवारात पाहायला मिळतात. त्यातही मूकाभिनय त्यांना सगळ्यांत प्रिय. "कवडी नाई, ओलावा नाई. निखळ रुई!"

सभागृहात त्यांची जागा ठरलेली: दुसरी रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. पहिल्या रांगेत मान्यवर असतात आणि मान्यवर अर्ध्यातून उठतात, म्हणून तिथे नको. दीपप्रज्वलनाला मात्र ते आपसूक व्यासपीठावर असतात. पंखा चालू, पाहुण्यांच्या हातात मेणबत्ती, समईची वात पेटत नाही आणि छायाचित्रकार "सर, इकडं" म्हणून ओरडतोय, हे दृश्य आपल्याकडे राष्ट्रगीताइतकं नेमाचं आहे. काका शांतपणे वर जातात, वात काढतात, बोटांत चोळतात, "आखूड धाग्याची हाये, बाजारची," म्हणून पुटपुटतात आणि खिशातून घरची वळलेली वात काढून लावतात. एका काडीत पेटते.

आम्हाला त्यांची गरजही आहे, हे कबूल करायला हवं. नॅकची समिती येणार म्हटलं की महिनाभरात सहा व्याख्यानं होतात. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं रांगेने आणून बसवली जातात, मागच्या दारापाशी एक शिपाई उभा केला जातो. त्या दोनशे मुंडक्यांत स्वतःच्या पायांनी आलेला माणूस एकच. अहवालात आम्ही त्याला "समाजातील विविध घटकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असं लिहितो.

यवतमाळात साहित्य संमेलन 1973 ला झालं, अध्यक्ष गदिमा. तेव्हा काकांना मिसरूड फुटत होतं आणि ग्रेड करायची अक्कल नव्हती, याची हळहळ त्यांना अजून आहे. त्यानंतर थेट 2019. 11 ते 13 जानेवारी, ब्याण्णवावं संमेलन, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून मग निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि राज्यभर गदारोळ झाला. निषेधाची पत्रकं निघाली, लेख आले. काकांचा निषेध एका वाक्याचा होता. "माल न पाहताच बंडी परत? आमच्या यार्डात असं झालं असतं तं मोर्चा आला असता."

मग उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी काकांची डायरी चाळली. तारीख होती, स्थळ होतं, नाव होतं. ग्रेडचा रकाना कोरा.

"काहून हो काका?"

"तिथं मीच यार्डाबाहेर उभा होतो, सर," म्हणाले, आणि डायरी माझ्या हातातून काढून घेतली. "सोडा. आगामी काय?"

पण काकांचं खरं मोठेपण मला कळलं ते एका 27 फेब्रुवारीला. वक्ते बाहेरगावचे, नामांकित. अकराचा कार्यक्रम, साडेअकरा वाजले तरी त्यांची गाडी रस्त्यात बंद. पोरं चुळबुळत होती, शिपाई दारातून दोन वेळा हटला होता. काका माझ्याजवळ आले.

"यांचं भाषण मी चारदा ऐकलं हाये. करू काय सुरू?"

बुडता काडीचा आधार घेतो तसं मी "करा" म्हणालो. काकांनी माईक घेतला आणि त्या गृहस्थांचं भाषण अथपासून सुरू केलं. तोच उसासा, तोच इंग्रजी शाळेतल्या नातवाचा किस्सा, ज्ञानेश्वरांपाशी तोच घोगरा आवाज, मधेच घड्याळाकडे बघून "वेळेचं भान आहे मला" म्हणणंसुद्धा. पोरं पोट धरून हसली. काका टाळ्यांच्या गजरात खाली उतरले, आणि त्याच क्षणी दारात वक्ते.

त्यांनी तेच भाषण केलं. दुसरं नव्हतंच. नातवाचा किस्सा नुसता सुरू झाला आणि दोनशे पोरं आधीच हसली. ज्ञानेश्वरांच्या आधी सभागृह गंभीर झालं. वक्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तर मागच्या रांगेतून कोरसमध्ये "भान आहे मला!" बिचारे भारावून गेले. निरोप घेताना माझा हात दाबून म्हणाले, "असा तयारीचा श्रोता पुण्यातही नाही." मी मान खाली घालून शाल सावरली. काकांनी डायरीत लिहिलं: "माल तोच. दुसऱ्यांदा जिनिंग. ओलावा अकरा."

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला आमच्याकडून निमंत्रण आलं तर जरूर या. प्रवासखर्च देतो, उशिरा पण देतो. बोलताना समोरच्या प्राचार्यांकडे बघू नका, त्यांना पुढची बैठक असते. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बघा, आणि तिथेही चेहरा नको, बोटं बघा. चिमटी ओढणं थांबून हात मांडीवर पडले की आवरतं घ्या. आणि कृपा करून वेळेवर पोचा. उशीर झाला तर तुमचं भाषण आधीच होऊन गेलेलं असेल.