तक्तेवाले बाबा

शिवडी पश्चिमेच्या कुठल्याही नव्या टॉवरमध्ये तक्तेवाले बाबा हमखास भेटतात. वय चाळिशीचं, नोकरी बसून करायची आणि फ्रिजच्या दारावर घरकामाचा तक्ता. तक्ता रंगीत, लॅमिनेशन केलेला. थोरलीकडे पानं घेणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. धाकट्याकडे चपला रॅकमध्ये लावणं आणि तुळशीला पाणी. काम झालं की स्टार, दहा स्टार झाले की अर्धा तास मोबाइल. पहिल्या आठवड्यात धाकटा इतक्या जोमाने चपला लावतो, की आलेल्या पाहुण्यांना निघताना त्या शोधाव्या लागतात आणि तुळस पाण्यानेच कुजते. तिसऱ्या आठवड्यात तक्त्यावर दूधवाल्याचा हिशेब दिसू लागतो.

बाबा खचत नाहीत, नवा तक्ता काढतात. जपानी शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात हा व्हिडिओ ते सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला टाकतात. आपल्याकडेही कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात शाळेत कार्यानुभव हवा असं सुचवलंच होतं, हेही ते ऐकवतात. त्यांना स्वतःला त्या विषयात ‘अ’ श्रेणी होती. क्रेप कागदाची फुलं आदल्या रात्री जागून कोणी केली, ते आजींना विचारावं.

मग ते चाळीवर येतात. आजोबा शिवडीच्या बीडीडी चाळीत वाढले. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, १६० चौरस फुटांची खोली, तीत घरची आठ माणसं आणि गावाहून आलेला एखादा पाहुणा. तिथे कोणी कोणाला स्टार देत नव्हतं. पाणी ठरल्या वेळेला यायचं आणि जायचं, पिंप भरलं नाही तर दिवसभर बोंब. अंथरुणं उचलली नाहीत तर चहा प्यायला टेकायचं कुठे? मिलच्या पहिल्या पाळीला जाणारा माणूस डबा वाट्टेल तेव्हा नेणार नाही. त्यामुळे दळण, रॉकेलची रांग, आरेच्या केंद्रावरच्या दुधाच्या बाटल्या ही कामं पोरांच्या गळ्यात आपोआप पडायची. बाबा याला ‘संस्कार’ म्हणतात. आजोबा म्हणतात, “संस्कार कसले? जागा नव्हती.”

बाबांची आत्या याच काळाची जरा वेगळी हकिगत सांगते. पिंप भरेपर्यंत भाऊ बरोबर असायचे, हे खरं. त्यानंतरची भांडी, केर आणि धाकट्या भावंडांचं नाक पुसणं तिच्या वाट्याला, भाऊ क्रिकेटला.

थोरलीने हे नीट ऐकून ठेवलं आहे. त्यात तिला पेपरात केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाची बातमी सापडली. सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस कशात जातो, याची त्यात मोजदाद आहे. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तीही जे काही तरी करतात त्यांचीच. जे ढिम्म हलत नाहीत ते या सरासरीत नाहीतच. तिने तक्त्यासमोर उभं राहून तीन प्रश्न विचारले. भाजी मलाच का, चपला त्यालाच का आणि बाबांची ओळ कुठाय?

बाबांनी मोठ्या मनाने तिसरी ओळ आखली. तीत सातही दिवस ‘देखरेख’ लिहिलं आणि रोज रात्री स्वतःला स्टार देऊ लागले.

एवढ्यात पालिकेची सूचना आली. जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे एफ दक्षिण विभागात दुसऱ्या दिवशी पाणी नाही. त्या संध्याकाळी तक्त्याकडे कोणी पाहिलंही नाही. धाकट्याने बादल्या, कुकर, डबे, वॉटर बॅग, गणपतीतलं मोठं पातेलं, सगळं काठोकाठ भरलं. थोरली पाइप धरून होती, आई झाकणं शोधत होती, आजोबा खुर्चीत बसून हाताखालची माणसं असल्यासारखे हुकूम सोडत होते. बाबांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : ‘तक्त्याचा परिणाम!’ खाली अठ्ठावीस अंगठे आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भसाभसा आलं. कुकर रिकामा झाल्याशिवाय वरण शिजेना, आंघोळीला बादली मोकळी नाही, डब्यांमधून वाट काढत आई ओट्यापर्यंत पोचली. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून झाला. शिळं पाणी ओतून देणं त्यात कोणाच्याच नावावर नव्हतं, आणि देखरेखीला बाबा ऑफिसात होते.