शंखाचे गरीब नातलग

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावातून तो गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा. तरी आमच्या देवघरात एक समुद्री जीव पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. म्हणजे घर आहे, घरमालक केव्हाच गेला. देवघरातला शंख हे एका मांसाहारी समुद्री गोगलगायीचं कवच. मन्नारच्या आखातात वाळूतले किडे खाऊन ती वाढते. आजी शंखाला सोवळ्यात हात लावते, म्हणून हा आहाराचा तपशील मी तिला अजून सांगितलेला नाही. भुत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ, तीही त्याच घराण्यातली.

या मृदुकाय प्राण्यांचं गोत फार मोठं. शिंपल्याला डोकंच नसतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलं दिसत नाही. कधी त्यातून मोतीही निघतो. ऑक्टोपसला तीन हृदयं, निळं रक्त आणि भरपूर बुद्धी. पण अंगावर कवच नाही, म्हणजे शिकलेल्या पोरानं वडिलोपार्जित घर मोडून टाकावं तसं. खडकाला चिकटून बसणाऱ्या कायटनच्या पाठीवर आठ तकटं. बाकी बहुतेक सगळा गोतावळा गोगलगायींचाच.

पाऊस लागला की त्यातली एखादी आमच्या धुऱ्यावर येते. तिला काचेच्या पेल्यावर चढवावं आणि पलीकडून पाहावं. पोटाखालच्या तळव्यावरून शेपटीकडून डोक्याकडे आडव्या लाटा एकामागून एक सरकत असतात आणि बाई मात्र जागची हललीय असं वाटत नाही. लांब शिंगांच्या टोकाला डोळे. बोट लावलं की मोज्यासारखे आत उलटतात. जिभेवर हजारो बारीक दात. नर-मादी एकाच देहात, तरी जोडीला दुसरी लागतेच.

मी हे कौतुकानं सांगत होतो तर शेजारचे काका म्हणाले, “कायचं कवतिक बाप्पा! रातीतून सोयाबीनचे कोंब साफ करते थे.”

त्यांचं खोटं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूरकडे गोगलगायींनी उगवतं सोयाबीन खाल्लं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. त्यातली ती मोठी आफ्रिकन जात १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशौकीन साहेबानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली. शौक साहेबाचा, वावर आमचं.

त्यावर उपाय मोठा गोड आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वावरात टाकायची, सकाळी त्यांखाली जमलेली मंडळी वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायची. काकांनी गूळ आमच्याच घरून नेला. आजीनं काढून दिला, आणि तो नैवेद्याच्या डब्यातला नाही हे त्यांना दोनदा बजावलं.