आकाशाचं दप्तर

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचा खरा हंगाम पावसाळा. हे ऐकून समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं पाहतो. पण पुण्यामुंबईकडच्या कोणत्याही आकाशवेड्याला विचारा. मृग लागला की दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत जाते, माउंटवर जुनी चादर पडते आणि पुढचे चार महिने आकाश सापडतं ते फक्त हार्ड डिस्कमध्ये. बाहेर सह्याद्रीवर ढग एकमेकांच्या अंगावर रेललेले, आणि घरात खिडकीपाशी बसून आपण मागच्या हिवाळ्यातल्या रात्री एकेक करून उघडतोय. थंडीत नुसतं गोळा करत सुटायचं असतं. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १६-बिट फ्रेम साधारण ५२ मेगाबाइटची. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम्स घेत बसलं तर तासाला वीस, म्हणजे जीबीभर. मृग नक्षत्राशी दोन रात्री गप्पा मारल्या की त्याचं बाड तयार. ते कधीतरी कुणीतरी लावायला हवं, आणि तो कुणीतरी आपणच असतो.

माझे थोरले काका मराठवाड्यातल्या एका जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या भिंती, मोडीतले आणि उर्दूतले कागद, डांबरगोळ्यांचा वास, आणि त्या सगळ्यात नाकावर चष्मा घसरलेले काका. त्यांनी आकाशाकडे पाहिलं ते फक्त पाऊस येतोय का हे बघायला. तरीही सॉफ्टवेअर उघडून फ्रेम्स तपासायला बसलो, की मला गॅलिलिओ आठवत नाही, काका आठवतात. ‘कागद हरवत नसतो रे,’ ते म्हणत, ‘तो चुकीच्या दप्तरात जातो, एवढंच.’

खगोलशास्त्रात चित्रं साठवायची जी फिट्स नावाची पद्धत आहे, तिला तर काकांनी कडकडून मिठीच मारली असती. १९८१ सालापासून चालत आलेली ही पद्धत. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर साध्या अक्षरांत एक नोंदवही असते: कोणत्या वस्तूचा फोटो, कधी घेतला, किती सेकंद, कोणता फिल्टर, कॅमेऱ्याचं तापमान किती. अगदी आवक-जावक रजिस्टर. प्रत्येक नोंद बरोबर ८० अक्षरांची, कारण एके काळी संगणकाच्या भोकं पाडलेल्या कार्डावर ८० रकाने असत. कार्डं कधीच गेली, रकाने राहिले. रकान्याचं नाव आठ अक्षरांपेक्षा लांब नको. सगळं लिहून झालं की ‘एंड’ असं लिहायचं आणि उरलेल्या जागा कोऱ्या सोडायच्या, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडायला नको, असं काकांनी निश्चित म्हटलं असतं. शिवाय एक वचन आहे: एकदा फिट्स ती कायमची फिट्स. पुढे नियम कितीही बदलले तरी जुनी फाइल अवैध ठरवायची नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं आपली जुनी हस्तलिखितं डिजिटल रूपात जपायला हीच पद्धत निवडली. आकाशासाठी शिवलेलं दप्तर स्वर्गाच्या ठेकेदारांनाही चाललं, याचं मला फार बरं वाटतं.

या दप्तरात काही विलक्षण कागद असतात. ‘डार्क’ म्हणजे दुर्बिणीला झाकण लावून घेतलेली फ्रेम. खऱ्या फोटोइतकाच वेळ, तेवढ्याच तापमानाला, निव्वळ अंधाराचा फोटो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मनात जे किरटं चमचमत असतं तेवढं त्यात उतरतं आणि मग ते मूळ फोटोतून वजा करता येतं. भर थंडीत उघड्या माळावर, डोक्यावर आकाशगंगा पसरलेली असताना, झाकण लावलेल्या दुर्बिणीशेजारी कानटोपी घालून बसलेला प्रौढ गृहस्थ हे दृश्य गावकऱ्यांना समजावून सांगता येत नाही. मी प्रयत्नही सोडला आहे. या अंधारांनाही नावं, तारखा आणि क्रमांक असतात. उणे दहा अंशांवरचा तीन मिनिटांचा काळोख आणि उणे पाच अंशांवरचा काळोख वेगवेगळ्या फोल्डरांत. माणसाला स्वतःच्या मनातली चमचम अशी वजा करता आली असती, तर कितीतरी माणसं जरा स्वच्छ दिसली असती.

तारखेची भानगड आणखी गोड. आपली रात्र एकच, पण संगणक मध्यरात्री तारीख बदलतो आणि एका रात्रीचे दोन फोल्डर होतात. सिंह राशीतली एकच दीर्घिका अर्धी मंगळवारात, अर्धी बुधवारात. हे दुखणं जुनं आहे. १९२५ पर्यंत खगोलशास्त्रज्ञांचा दिवसच दुपारी बारा वाजता सुरू होत असे, ते रात्रीचे असे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून. आज कॅमेरा चालवणाऱ्या ‘निना’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरच्या नावासाठी बारा तास मागे सारलेली तारीख वापरायची सोय आहे. आणि आमच्या आजीच्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलायचा, रात्र आदल्या दिवसाच्या पदरातच असायची. फाइलीच्या आतली नोंद मात्र जागतिक वेळेची. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे भारतातली रात्र संध्याकाळपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्या एकाच तारखेत सुखानं झोपते. स्वतंत्र भारताच्या प्रमाणवेळेचा हा लाभ कुणी फारसा मिरवलेला दिसत नाही.

मग येतं ‘ब्लिंक’. पिक्सइनसाइट या सॉफ्टवेअरमधली ही सोय मला सगळ्यांत प्रिय. रात्रभरच्या फ्रेम्स भराभर एकामागून एक दाखवायच्या, बस्स. तारे जागच्या जागी थरथरतात. एखादा ढग, नाटक सुरू झाल्यावर आलेल्या प्रेक्षकासारखा, वाकून पडद्यासमोरून जातो. विमानाची ठिपक्यांची रेघ, उपग्रहाचा ओरखडा, दवानं हळूहळू डबडबत गेलेली काच. जी रात्र हातपाय गारठवत, चहा पीत, पहाट होईना म्हणून कंटाळत काढली, ती मिनिटाभरात डोळ्यांपुढून निघून जाते. आणि क्वचित एखादा बारीकसा ठिपका, बाकी सगळे स्थिर असताना, मुंगीच्या पावलानं सरकताना दिसतो. बहुधा एखादा लघुग्रह, नाव-नंबर असलेला, आधीच कुणीतरी नोंदवलेला. तरी छातीत काहीतरी हलतंच.

क्लाइड टॉमबॉनं हेच केलं होतं, संगणकाशिवाय. कॅन्ससच्या शेतावर वाढलेला हा मुलगा, घरी बनवलेल्या दुर्बिणीतून काढलेली ग्रहांची चित्रं पाठवून अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत नोकरीला लागला. काम काय, तर एकाच भागाच्या दोन रात्रींच्या काचेच्या प्लेटा यंत्रात लावायच्या आणि आलटून पालटून पाहायच्या, टिक, ही, टिक, ती. असंख्य तारे, आणि त्यांतला एखादा हलतोय का हे शोधायचं. १८ फेब्रुवारी १९३० ला २३ आणि २९ जानेवारीच्या प्लेटांवर, मिथुन राशीत, एक ठिपका हलला. तो प्लूटो. चोवीस वर्षांचा टॉमबॉ त्या क्षणी दुर्बिणीपाशी नव्हताच. तो टेबलापाशी तपासणी करत बसला होता, आणि मला वाटतं, आकाश खरं पाहिलं जातं ते तिथंच.

तपासणीचा पुढचा भाग जरा निष्ठुर. सिरिल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधले तारे किती पसरट, किती गोल हे मोजून आलेख काढतं. अ‍ॅस्टॅप तारे मोजून गुणवत्तेची यादीच हातात देतं. काकांच्या कचेरीत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असत. ‘अ’ कायम जपायचे, ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचे. मीही तसंच करतो. पण ‘ड’वर शिक्का मारताना हात अडखळतो. मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश सुमारे तेराशे वर्षांपूर्वी निघाला, बदामीला चालुक्य राज्य करत होते तेव्हा. वाटेत त्याला काही झालं नाही. शेवटच्या तीन मिनिटांत माळावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली आणि तो नापास. उपग्रहाच्या रेघेला मात्र माफी असते, कारण बऱ्याच फ्रेम्स एकत्र करताना सॉफ्टवेअर एकटीच वेगळं बोलणारी रेघ आपोआप बाजूला काढतं. शिवाय हिशेब कंजूष आहे: चित्रातला खरखरीतपणा निम्मा करायचा तर फ्रेम्स चौपट लागतात. म्हणून माझ्याकडे ‘ड’चंही एक फोल्डर आहे आणि ते कधीच नष्ट झालेलं नाही.

या कारकुनीची कुलदेवता विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेली, हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी कामाला असलेली बाई. पुढे वेधशाळेच्या काचांवर तिची नजर बसली. १८८८ मध्ये बी २३१२ क्रमांकाच्या प्लेटवर तिला एक अर्धवर्तुळाकार खाच दिसली. आज जिचे फोटो काढायला आम्ही जीव टाकतो ती अश्वशीर्ष तेजोमेघाची आकृती. नंतरच्या सूचीत श्रेय पिकरिंगना गेलं. कचेऱ्यांत हे चालायचंच. पण १८९९ मध्ये हार्वर्डनं तिला खगोलीय छायाचित्रांची रीतसर अभिरक्षक नेमलं.

काकांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. ते ज्या निजामी मुलखाचे कागद सांभाळत, त्याच राज्याच्या निझामिया वेधशाळेनं हैदराबादेत आकाशाची मोजणी केली होती. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या योजनेत सगळं आकाश जगातल्या वेधशाळांना पट्ट्यापट्ट्यांनी वाटून दिलं होतं, तलाठ्यांना सज्जे द्यावेत तसं. हैदराबादच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा, सतरा ते तेवीस अंशांमधला पट्टा. नकाशाचं काम कधीच पुरं झालं नाही, ताऱ्यांची यादी मात्र झाली. आणि २००० साली टायको-२ ही सूची करताना तारे शतकभरात किती सरकले हे काढायला त्या जुन्या मोजण्याच कामी आल्या.

आता तर निनावी फाइलचंही भय उरलेलं नाही. ताऱ्यांची नक्षी ओळखून सॉफ्टवेअर काही क्षणांत सांगतं, हा तुकडा आकाशातल्या नेमक्या कोणत्या जागेचा. कागदानं स्वतःच आपलं गाव सांगावं, याहून मोठं सुख रेकॉर्ड रूममध्ये कोणतं? तारीख मात्र तो सांगत नाही. प्लूटो सापडल्यावर लोकांनी जुन्या प्लेटा उपसल्या; लॉवेल वेधशाळेतच १९१५ च्या दोन प्लेटांवर तो निघाला, आणि यर्क्स वेधशाळेत तर १९०९ च्या ऑगस्टमधल्या एका प्लेटवर. कुणाच्या लक्षातही आला नव्हता. पण कुणीतरी तारीख आणि वेळ नीट लिहून ठेवली होती, म्हणून त्या प्लेटा त्याची कक्षा काढायला उपयोगी पडल्या. तेव्हा ‘ड’ वर्ग खुशाल ठेवा किंवा पुसा, फोल्डरांना वाटेल ती नावं द्या. या दिवाळीनंतर दुर्बीण बाहेर काढाल तेव्हा संगणकाचं घड्याळ तेवढं आधी बरोबर लावून घ्या.